कच्ची वही, कीर्द, खतावणी : नोकरी सांभाळून रेनेसाँस जगण्याची रीत

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशेब लिहिण्यात माझी चोवीस वर्षं गेली. त्यातली मधली काही वर्षं दर चार महिन्यांनी मी काहीतरी नवं शिकायला घ्यायचे. गिटार झाली, फ्रेंच झालं, जलरंग झाले, ऑनलाइन मानसशास्त्रही झालं. गिटार माळ्यावर आहे, रंग ट्यूबमध्येच वाळले. आई एका वाक्यात निकाल लावायची, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ मी तिला ऐकवायचे की इटलीत रेनेसाँसच्या, म्हणजे विद्या-कलांच्या नव्या बहराच्या, काळात माणसं अशीच होती, चित्रंही काढायची आणि यंत्रंही जुळवायची. ती शांतपणे विचारायची, ‘पण त्यांचं काहीतरी पुरं होत असेल ना गं?’

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडलं. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली नावाच्या गणिती साधूचा मोठा ग्रंथ छापला गेला. द्विनोंदी हिशेबाची, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात नावे लिहायची, पद्धत छापील स्वरूपात पहिल्यांदा सविस्तर मांडली गेली ती या ग्रंथात. व्यापाऱ्यानं तीन वह्या ठेवाव्यात असं पाचोली सांगतो. पहिलीत दिवसभरात घडेल ते तसंच्या तसं टिपायचं, दुसरीत ते तारीखवार नीट उतरवायचं आणि तिसरीत खात्यांत वाटायचं. म्हणजे आपली कच्ची वही, कीर्द आणि खतावणी. हा ग्रंथ लिओनार्दो दा विंचीनं विकत घेतला होता. दोनच वर्षांनी पाचोली मिलानला आला आणि लिओनार्दो त्याच्याकडे गणित शिकला. पुढे पाचोलीच्या दुसऱ्या पुस्तकासाठी घनाकृतींची चित्रं लिओनार्दोनं काढली.

ते वाचलं आणि माझ्या डोक्यात टेबलावरची वही आणि फ्लॉरेन्सची चित्रशाळा शेजारी शेजारी येऊन बसल्या. या लोकांनी पुष्कळ विषय हाताळले हे खरं, पण नोंद, सराव आणि जुळवाजुळव यांची शिस्त त्यांना लहानपणापासून लागलेली असे. आपण विषय उचलतो आणि शिस्त तिथंच ठेवून येतो. म्हणून खाली जे लिहिलंय ते हिशेबनिसाच्या क्रमानं लिहिलंय. मी स्वतः तीन वर्षं ते करतेय, आणि कुठे फसले तेही सांगणार आहे.

पहिली वही : जे दिसेल, जे अडेल

लिओनार्दोच्या वह्यांची सात हजारांहून अधिक पानं आज शिल्लक आहेत. चित्रकारानं लहानशी वही कायम जवळ बाळगावी, असा त्याचा सल्ला होता. १४९० च्या सुमाराची त्याची कामांची एक यादी प्रसिद्ध आहे. मिलान शहर आणि त्याची उपनगरं मोजायची. त्रिकोणाएवढा चौरस कसा करतात ते गणिताच्या मास्तरांना विचारायचं. पाण्याच्या कामातला जाणकार गाठून कालव्याचं दार आणि गिरणी दुरुस्त करायची रीत समजून घ्यायची. फ्लँडर्सचे लोक बर्फावरून कसे चालतात ते एका ओळखीच्या माणसाला विचारायचं. या यादीत मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की बहुतेक कामं ‘अमक्याला विचार’ अशी आहेत. आपल्या यादीत ‘अमुक शिकायचंय’ असतं. शिकायचंय म्हटलं की वर्ग शोधा, फी भरा, शनिवार मोकळा ठेवा. विचारायचंय म्हटलं की पायात चप्पल घालायची आणि निघायचं.

तेव्हा पहिला महिना एवढंच करा. पर्समध्ये किंवा खिशात मावेल अशी साधी, बिनरेघी वही घ्या. महागडी चामड्याची नको, तिच्यात चुकायची भीती वाटते. रोज दोन गोष्टी टिपा. एक जी डोळ्यांनी पाहिली आणि एक जी कळली नाही. दुसरीपुढे ती कोणाला विचारायची ते लिहा. नाव माहीत नसेल तर धंदा लिहा: कल्हईवाला, नळदुरुस्तीवाला, कीर्तनकार.

माझ्या पहिल्या महिन्यातलं एक पान असं आहे. ‘रावपुऱ्यातल्या घड्याळजीकडे: किल्लीचं घड्याळ थंडीत पुढे का जातं? आत्याला: पोळीचं पीठ पावसाळ्यात कमी पाणी का घेतं? सुरसागर तलावाचं पाणी येतं कुठून, जातं कुठे?’ घड्याळजीनं काउंटरवर घड्याळ उघडून ठेवलं आणि भिंगातून दाखवत मला वीस मिनिटं समजावलं. त्याला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती हा वास्तुविद्येवर आणि चित्रकलेवर ग्रंथ लिहिणारा विद्वान. तोही सुतार-लोहार-चांभारांना त्यांच्या धंद्यातल्या खाचाखोचा विचारत बसायचा, प्रसंगी आपल्याला काही येत नाही असं दाखवून. आपल्याला तर दाखवायचीही गरज नाही.

मोबाइलवर टिपलं तर चालेल का? मी दोनदा करून पाहिलं. टिपणं राहिली, पण ती पुन्हा उघडली गेली नाहीत. शिवाय स्क्रीनवर चित्र काढायला माझा हात धजावत नाही.

कीर्द : झोपायच्या आधी दहा मिनिटं

कच्च्या वहीतलं रोजच्या रोज मोठ्या वहीत उतरवायचं, तारीख घालून, पूर्ण वाक्यांत. या पायरीला लोक कंटाळतात. पण हीच पायरी गाळली म्हणून माझी आधीची सगळी हौस वाया गेली. उतरवताना वाक्य पुरं करावं लागतं, आणि वाक्य पुरं करताना कळतं की आपल्याला अर्धंच समजलंय. मी ‘थंडीत तार आकसते’ असं लिहिलं आणि थांबले. तार? की कमान? दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळजीकडे. तो म्हणाला, कमानीचा ताठरपणा थंडीत वाढतो, मोठं कारण ते.

इथं एक रीत मला फार उपयोगी पडली. फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी माक्याव्हेल्ली सत्तेवरून उतरला, तुरुंगवास भोगून खेड्यात राहायला गेला. तिथून १० डिसेंबर १५१३ च्या पत्रात तो मित्राला आपला दिनक्रम कळवतो. दिवसभर रानात, लाकूडतोड्यांशी हुज्जत, गुत्त्यावर पत्ते. संध्याकाळी मात्र घरी येऊन तो चिखलाचे कपडे दारात उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि प्राचीनांशी बोलायला बसतो. चार तास त्याला कसलाच कंटाळा येत नाही. मला चार तास कुठले मिळायला! पण मी ऑफिसचा कुर्ता बदलून, तोंड धुऊन, केस नीट बांधून बसते. घरातल्यांनाही कळतं की आई आता कुठेतरी गेलीय.

खतावणी : पाच खाती, सहावं नाही

दर रविवारी कीर्द चाळायची आणि कामाचं ते खात्यात टाकायचं. रेनेसाँसच्या शाळांतली मुलंही हेच करत. वाचलेलं, ऐकलेलं विषयवार मथळ्यांखाली एका वहीत उतरवून ठेवायचं आणि लिहिता-बोलताना त्यातून काढायचं. त्या शिक्षणाचा गाभा पाच विषयांचा होता: व्याकरण, वक्तृत्व, इतिहास, काव्य आणि नीतिविचार. आपले विषय वेगळे असतील, पण पाच हा आकडा मी जसाच्या तसा उचलला. माझी खाती अशी: हात (म्हणजे रेखाटन), मोडी, शरीर, बडोदं, आणि बोलणं.

नियम एकच, पण कडक. नवं खातं उघडायचं तर जुनं एक बंद करायचं, आणि बंद करताना त्यात काय शिल्लक राहिलं ते लिहायचं. सहाव्या खात्याचा मोह दर पंधरा दिवसांनी होतो. मागच्या वर्षी मधमाश्या पाळायचा झाला होता. ‘शरीर’ बंद करावं लागेल म्हटल्यावर आपोआप विरला.

हात चालता ठेवा

‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा भाग विशेष वाचावा, मी त्यांच्यातलीच. मिकेलांजेलो १४८८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, गिर्लांदायोच्या चित्रशाळेत उमेदवारीला लागला. तिथे मुलांनी करायचं काय, तर रंग वाटायचे, फळ्या घासायच्या आणि गुरूंच्या चित्रांवरून नक्कल काढायची. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी चेन्नीनो चेन्नीनी या कारागिरानं नवशिक्यांसाठी लिहून ठेवलंय की कितीही थोडं असो, रोज काहीतरी काढच. मौलिकतेची घाई नव्हती. आपल्या गायकीतही सूर लागेपर्यंत गुरूचंच गळ्यावर चढवतात. बडोद्यात १८८६ पासून मौलाबक्षांनी गायनशाळा चालवली त्या गावात हे वेगळं सांगायला नको.

घरी करायचा एक प्रयोग देते. अल्बेर्तीनं १४३५ च्या आपल्या चित्रकलेच्या ग्रंथात पातळ जाळीदार पडद्याची युक्ती सांगितलीय, तिचंच हे घरगुती रूप. फोटोची जुनी चौकट घ्या, आठ इंच बाय दहा इंचांची, काच काढलेली. तिच्यावर दर इंचाला काळा दोरा उभा-आडवा ताणून चिकटपट्टीनं पक्का करा. आठ बाय दहा चौकोन झाले. ड्रॉइंगच्या कागदावर तेवढेच चौकोन पेन्सिलीनं फिकट आखा. चौकट पुस्तकांच्या आधारानं टेबलावर उभी करा आणि मागे हातभर अंतरावर तांब्या ठेवा. आता मुख्य गोष्ट: डोळा एकाच जागी राहिला पाहिजे. समोर पुस्तकांची थप्पी रचून तिच्यावर हनुवटी टेका आणि एक डोळा मिटा. मग तांब्या काढू नका. तिसऱ्या चौकोनात एक वाकडी रेघ डावीकडून शिरते आणि वरच्या कोपऱ्याजवळून बाहेर पडते, एवढंच काढा. चौकोनामागून चौकोन. वीस मिनिटांनी कागदावर तांब्या उभा असतो आणि तो तुमच्या हातून निघालाय यावर तुमचाच विश्वास बसत नाही.

आठवडाभर रोज एक वस्तू, मग दोरे एकाआड एक काढून टाका. महिन्याच्या शेवटी चौकट बाजूला ठेवा आणि लांब केलेल्या हातातल्या पेन्सिलीवर अंगठ्यानं मापं घ्यायला लागा. कोपर सरळच हवं. ते वाकलं की माप बदलतं आणि तोंड धडापेक्षा मोठं होतं. माझं तीन आठवडे होत होतं.

त्यानंतर कमाटीबागेतलं म्युझियम. इथल्या लोकांना लहानपणी बघितलेली ममी आणि देवमाशाचा सांगाडा एवढंच आठवतं. आता सांगाडाच काढायला बसा. बरगड्यांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढा, बरगड्या आपसूक उमटतात. आकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींसमोर मी सहा रविवार बसले. शेजारच्या पिक्चर गॅलरीत युरोपीय चित्रं आहेत, त्यांच्यावरून नक्कल करता येते. पेन्सिल आणि छोटी वहीच न्या, आणि बसण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझाइकची आहे आणि वाड्यातली शिल्पं फेलिची या इटालियन शिल्पकाराची. इटली आपल्या गावात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ येऊन राहिलीय, आपण मात्र तिकीट काढून सेल्फी घेऊन परततो.

मूळ कागदापाशी जा

त्या काळातल्या विद्वानांचा हट्ट होता की कुणी सांगितलेलं नको, मूळ ग्रंथ दाखवा. पेत्रार्क या इटालियन कवीला १३४५ मध्ये व्हेरोनात प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांची पोथी मिळाली, तेव्हा त्यानं ती स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. त्याचा आदर्श पुरुष त्या पत्रांत घाबरट, तक्रारखोर आणि राजकारणात गुरफटलेला निघाला. पेत्रार्क नाराज झाला आणि त्यानं मेलेल्या सिसेरोलाच पत्र लिहून जाब विचारला. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो.

आमच्या, म्हणजे बडोदेकर मराठी घरांत मूळ कागद म्हणजे मोडी. ट्रंकेत एखादा दस्त असतोच. दांडियाबाजारातल्या आमच्या जुन्या घराचा कागद मी पन्नाशीत पहिल्यांदा वाचला. मोडी शिकायला जितकी अवघड वाटते तितकी नाही, फक्त क्रम चुकवू नका.

आधी लिहायला शिका, मग वाचायला. ओळीची शिरोरेषा आधी सलग ओढून घ्यायची आणि अक्षरं खाली टांगत जायची, होता होईल तो हात न उचलता. रोज पाच अक्षरं, बाराखडीसकट. ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही, इकार एकच. दुसऱ्या महिन्यात छापील मोडी वाचा, कारण छापील अक्षरं एकसारखी असतात. हस्तलिखित तिसऱ्या महिन्यात. हस्तलिखित हाती आलं की पहिल्या ओळीशी झगडू नका, आधी ओळखीच्या गोष्टी शोधा: आकडे, गावाचं नाव, ‘रुपये’, ‘राजश्री’. तारीख हाताला लागली की निम्मा कागद सुटतो. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा. संवत असेल, आणि गुजरातेतल्या कागदांत तो पुष्कळदा असतो, तर ५६ किंवा ५७ वजा करा. पेशवाईतल्या कागदात शुहूर सन आला तर ५९९ किंवा ६०० मिळवा, पण तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत असेल: इहिदे, इसन्ने, सल्लास, अर्बा. त्या शब्दांचा तक्ता मी स्वयंपाकघरात फ्रीजवर लावला होता.

आमच्या दस्तात शेवटी निघालं असं, की ज्या पणजोबांच्या दानशूरपणाच्या गोष्टी मी ऐकत आले, त्यांनी घर गहाण टाकलं होतं. तेही सख्ख्या मेहुण्याकडे. पेत्रार्कसारखं पत्र लिहावंसं वाटलं.

शरीराचं थोडक्यात

व्हित्तोरिनो दा फेल्त्रे यानं १४२३ मध्ये मांतुआला जी शाळा काढली, तिथे लॅटिन-ग्रीकबरोबर धावणं, पोहणं, घोड्यावर बसणं असे, आणि राजपुत्रांच्या शेजारी गरिबांची मुलं फुकट शिकत. आपल्याकडे बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रा. माणिकराव ही नावं कुणाला सांगायला लागू नयेत. पंचेचाळिशीनंतर मल्लखांब सुरू करा असं मी म्हणत नाही. मी सकाळी कमाटीबागेत चालते आणि घरी बारा सूर्यनमस्कार घालते. अट एवढीच की त्याचीही कीर्द लिहायची.

वेळ, वय आणि बाईपण

‘आता या वयात?’ याला दोन उत्तरं. लिओनार्दो स्वतःला ‘अक्षरशत्रू माणूस’ म्हणवून घ्यायचा, कारण त्याला लॅटिन येत नसे. चाळिशीच्या आसपास तो शब्दांच्या याद्या करून ते शिकायला बसला. आणि दुसरं उत्तर आपल्या गावातलं. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ मध्ये बारा वर्षांचा असताना बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेतला गेला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं. कलाभवनात मुलं कारागिरी आणि विद्या एकाच आवारात शिकत. दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी.

वेळेचं उत्तर मात्र इतकं सोपं नाही. रेनेसाँसच्या गोष्टी सांगताना आपण विसरतो की त्या पुरुषांची घरं दुसरं कुणीतरी चालवत होतं. क्रेमोनाची सोफोनिस्बा आंग्विस्सोला उत्तम चित्रकार होती, वडिलांनी तिला चित्रकाराकडे रीतसर शिकायला ठेवलं, १५५९ मध्ये ती स्पेनच्या दरबारात गेली. पण शरीररचना शिकायची दारं स्त्रियांना बंद होती, म्हणून घरातली माणसं आणि व्यक्तिचित्रं हाच तिचा हातखंडा झाला. तेव्हा बायांनो, आधी वाटाघाटी करा, मग वही घ्या. आमच्याकडे मंगळवार, गुरुवार रात्रीचं जेवण नवरा आणि मुलगा बघतात. पहिले दोन महिने दोन्ही दिवशी बाहेरची शेव-उसळ आली. मी काही बोलले नाही.

माझा हिशेब आठवड्याला साडेपाच तासांचा आहे. रोज कीर्द दहा मिनिटं, हात वीस मिनिटं, आणि रविवारी दोन तास सलग. याहून जास्त ठरवू नका. मी पहिल्यांदा बारा तास ठरवले होते, सतराव्या दिवशी सगळं बंद पडलं.

तिमाहीचा ताळेबंद

आता आईचा प्रश्न. त्यांचं पुरं होत होतं का? लिओनार्दोचं बऱ्याचदा नाही. मिलानच्या सरदाराचा प्रचंड घोडा मातीच्या नमुन्यापर्यंत आला, त्याचं काशाचं ओतकाम झालंच नाही. आंगियारीच्या लढाईचं भित्तिचित्र रंगांच्या प्रयोगात बिघडलं. या बाबतीत त्याचा कित्ता गिरवू नये, त्यापेक्षा ब्रुनेलेस्की बरा. १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या दारांची स्पर्धा तो हरला. पुढे तो रोमला जाऊन पडक्या इमारतींची मापं घेत राहिला असं त्याचा चरित्रकार सांगतो. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट त्यानं १४२० मध्ये हाती घेतला आणि १४३६ मध्ये पुरा केला.

म्हणून दर तीन महिन्यांनी खतावणीतून एक पुरी झालेली वस्तू बाहेर पडलीच पाहिजे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली पाहिजे. छोटी चालेल. माझ्या पहिल्या तिमाहीत आत्याचं एक रेखाचित्र झालं. ते तिला आवडलं नाही, पण तिनं ठेवून घेतलं. दुसऱ्यात गहाणखताचं देवनागरी लिप्यंतर, सगळ्या चुलतभावंडांना झेरॉक्स. तिसऱ्यात काहीच नाही, ताळेबंदात तसं लाल शाईनं लिहिलंय. सध्या शेजारच्या तिघांना शनिवारी मोडी शिकवते. फ्लॉरेन्सच्या मानवतावाद्यांचा आग्रहच होता की विद्या गावाच्या कामी यावी, आणि शिकवायला बसलं की आपली खाती किती कच्ची आहेत ते पंधरा मिनिटांत उघडं पडतं. परवा एका मुलीनं विचारलं, मोडीत शिरोरेषा आधी का ओढायची, मागून ओढली तर काय बिघडतं? मी कच्ची वही काढली, प्रश्न टिपला आणि त्याच्यापुढे लिहिलं: ‘कुणाला विचारायचं?’